परदेश दौरा आणि तिसऱ्या गोलंदाजाचा प्रश्न

४ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ओव्हलवर खेळ सुरू झाला तेव्हा इंग्लंडला जिंकायला ३५ धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. त्यातल्या ख्रिस वोक्सचा खांदा निखळलेला होता, हात स्वेटरच्या आत बांधलेला होता. प्रसिध कृष्णाच्या पहिल्या दोन चेंडूंवर जेमी ओव्हर्टनने दोन चौकार मारले आणि भारतात टीव्हीसमोर बसलेल्यांनी मनातल्या मनात सामना सोडून दिला. तासाभरात चित्र पालटलं. मोहम्मद सिराजच्या यॉर्करने गस ॲटकिन्सनचा ऑफस्टंप उडवला. भारत सहा धावांनी जिंकला आणि पाच कसोटींची मालिका २-२ अशी सुटली.

या मालिकेत भारताने दोन सामने जिंकले, एजबॅस्टनचा आणि ओव्हलचा. दोन्ही सामन्यांत जसप्रीत बुमराह नव्हता. तो खेळलेल्या तीन सामन्यांपैकी दोन भारत हरला, एक अनिर्णित राहिला. बुमराह नसला की भारत जिंकतो, असा निष्कर्ष काढणारेही लगेच निघाले. तो साफ चुकीचा आहे. बुमराहइतका भेदक तेज गोलंदाज भारताला आजवर मिळालेला नाही. पण त्या दोन सामन्यांत भारत का जिंकला याचं उत्तर शोधण्यासारखं आहे, कारण ते उत्तर एका मालिकेपुरतं नाही. १९३२पासूनच्या आपल्या परदेश दौऱ्यांच्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा भेटतं.

इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या चार देशांत भारताने आजवर सातच कसोटी मालिका जिंकल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये १९६८ आणि २००९, इंग्लंडमध्ये १९७१, १९८६ आणि २००७, ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१. दक्षिण आफ्रिकेत एकही नाही. या विजयांच्या आठवणी निघाल्या की आपण फलंदाजांबद्दल बोलतो. ते स्वाभाविक आहे, शतक लक्षात राहतं. पण कसोटी जिंकायला वीस बळी लागतात, आणि एक थोर गोलंदाज वीस बळी घेऊ शकत नाही, दोघंही क्वचितच घेतात. परदेशातली मालिका ठरते ती तिसऱ्या आणि चौथ्या गोलंदाजावर. तो जेव्हा उभा राहिला तेव्हा आपण जिंकलो, आणि जेव्हा तो नव्हता तेव्हा आपल्या फलंदाजांची शतकं पराभवाच्या धावफलकात जाऊन बसली, हे मी या लेखात दाखवणार आहे.

पहिल्याच कसोटीपासून सुरुवात करू. जून १९३२, लॉर्ड्स. मोहम्मद निसारने सटक्लिफ आणि होम्स या सलामीच्या जोडीचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. निसार आणि अमरसिंग ही नव्या चेंडूची जोडी त्या काळच्या कुठल्याही संघाला हवीशी वाटली असती. तरी कर्णधार जार्डिनने ७९ धावा करून डाव सावरला आणि इंग्लंडने सामना १५८ धावांनी जिंकला. त्या तोडीची तेज जोडी भारताला पुन्हा मिळायला कित्येक दशकं जावी लागली.

मधल्या काळात काय झालं ते दोन सामन्यांत कळतं. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला सांगलीच्या विजय हजारेंनी ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. दत्तू फडकरांनीही १२३ केल्या. भारत डावाने हरला, कारण ऑस्ट्रेलियाने त्याआधी ६७४ धावा केल्या होत्या. दुसरा सामना १९५२चा, लॉर्ड्सचा. विनू मांकड दौऱ्याच्या संघात नव्हतेच. लँकेशायरच्या लीगमधून त्यांना सोडवून आणलं. त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, आणि या दोन खेळींच्या मध्ये ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. ७३ षटकं! एक माणूस यापेक्षा जास्त काय करणार? इंग्लंड आठ गडी राखून जिंकलं. पुढे १९५९ला इंग्लंडमध्ये आणि १९६२ला वेस्ट इंडिजमध्ये भारत ०-५ असा हरला.

परदेशातली पहिली कसोटी आपण जिंकली ती फेब्रुवारी १९६८मध्ये, ड्युनेडिनला. पतौडींच्या नेतृत्वाखालची ती मालिका ३-१ अशी जिंकली. एरापल्ली प्रसन्नाने २४ बळी घेतले. जोडीला बिशनसिंग बेदी होते, आणि तिसरे होते नाशिकचे बापू नाडकर्णी. निर्धाव षटकांसाठी नाडकर्णींचं नाव सगळ्यांना माहीत आहे, वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत सहा बळी घेतले हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मग १९७१ आलं. अजित वाडेकरांकडे कर्णधारपद आलं ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे. वेस्ट इंडिजमधली ती मालिका सुनील गावसकरांच्या चार कसोटींतल्या ७७४ धावांची म्हणून ओळखली जाते, आणि मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावांची. त्या धावांशिवाय ती मालिका जिंकता आली नसती, यात वादच नाही. सरदेसाईंनी जमैकात २१२ केल्या, पहिला दिवस पावसात गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला, फॉलोऑनला लागणारी आघाडी कमी झाली आणि वाडेकरांनी सोबर्सला फॉलोऑन सांगितला. इथूनच यजमानांचा तोरा उतरायला लागला. पण मालिका जिंकली ती पोर्ट ऑफ स्पेनला, आणि तो सामना कुठे फिरला ते पाहा. वेस्ट इंडिजच्या दुसऱ्या डावात बेदी, प्रसन्ना आणि वेंकटराघवन ही फिरकी त्रयी असताना चेंडू सलीम दुराणींच्या हातात गेला. त्यांनी क्लाइव्ह लॉइडला वाडेकरांकरवी झेलबाद केलं आणि गॅरी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा घेतला. डावात त्यांचे बळी दोनच, पण ते लॉइड आणि सोबर्सचे. पुढे वेंकटने पाच बळी घेऊन डाव गुंडाळला आणि भारत सात गडी राखून जिंकला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लॉर्ड्स आणि मँचेस्टरचे सामने अनिर्णित राहिले आणि मालिका ओव्हलवर आली. पहिल्या डावात इंग्लंडकडे ७१ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड १०१. त्या डावातला एक क्षण जवळून बघण्यासारखा आहे. जॉन एड्रिच खेळत होता. चंद्रा गुगली टाकण्याच्या विचारात धावायला वळला तेवढ्यात सरदेसाईंनी ओरडून सांगितलं, 'मिल रीफ' टाक. मिल रीफ हा त्या वर्षी गाजलेला शर्यतीचा घोडा, आणि चंद्राच्या वेगवान चेंडूला संघात पडलेलं ते नाव. चंद्राने ऐकलं. एड्रिचची बॅट खाली येईपर्यंत यष्ट्या मोडल्या होत्या. पुढच्याच चेंडूवर कीथ फ्लेचर शॉर्टलेगला एकनाथ सोलकरच्या हातात गेला. ॲलन नॉटचा झेल सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत घेतला तो वेंकटच्या गोलंदाजीवर. चंद्रा एका टोकाने फलंदाज कापत होता तेव्हा दुसऱ्या टोकाने वेंकट आणि बेदी एकही धाव सोडायला तयार नव्हते. २४ ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, भारताने १७३ धावांचं लक्ष्य गाठलं. चाहत्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. महाराष्ट्रातल्या किती घरांत त्या दिवशी आरती आणि रेडिओवरची कॉमेंट्री एकाच वेळी चालू असेल!

माझ्या म्हणण्याला १९७४चा दौरा आडवा येतो, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट हे सगळे त्या दौऱ्यावर होते आणि भारत ०-३ हरला. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात १७ षटकांत ४२ धावांत सगळे गारद. ख्रिस ओल्ड आणि जेफ आर्नल्ड या दोघांनीच नऊ बळी घेतले. म्हणजे फलंदाजी कोसळली की गोलंदाजीचा ताफा असूनही उपयोग नाही. मात्र त्या संघाची एक उणीवही लक्षात घ्यायला हवी. चार फिरकी गोलंदाज होते, पण थंड, ओलसर हवेत नव्या चेंडूने बळी घेणारं कोणीच नव्हतं. १९७७-७८ला ऑस्ट्रेलियात हेच झालं. बेदींनी ३१ आणि चंद्राने २८ बळी घेतले, तरी मालिका २-३ अशी गेली. ब्रिस्बेनला १६ धावांनी, पर्थला दोन गडी राखून, ॲडलेडला ४७ धावांनी हार. इतक्या थोडक्यात तीन सामने जातात तेव्हा एक चांगला तेज गोलंदाज काय बदल घडवू शकला असता, हा विचार मनातून जात नाही.

कपिल देव आला आणि प्रश्न उलटा झाला. आता नवा चेंडू होता, पण तो एकाच हातात होता. फेब्रुवारी १९८१मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला जिंकायला अवघ्या १४३ धावा हव्या होत्या. कपिलची मांडी दुखावलेली, दिलीप दोशींच्या पायाचं हाड मोडलेलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी करसन घावरीने ग्रेग चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर पायामागून त्रिफळा उडवला. दोशी तशाच पायाने टाकत राहिले. पाचव्या दिवशी कपिल इंजेक्शन घेऊन उतरला आणि २८ धावांत पाच बळी घेतले. ऑस्ट्रेलिया ८३. मालिका बरोबरीत सुटली. कपिलचे पाच बळी इतिहासात गेले, ते योग्यच आहे. पण चॅपेल मैदानात राहिला असता तर कपिलला सकाळी काय करता आलं असतं?

१९८६ची इंग्लंडमधली २-० ही मालिका दिलीप वेंगसरकरांची. लॉर्ड्सवर लागोपाठ तिसरं शतक, मग हेडिंग्लेच्या बेभरवशाच्या खेळपट्टीवर ६१ आणि नाबाद १०२. त्या खेळपट्टीवर दोन्ही संघांतल्या इतर कुणालाच तसं खेळता आलं नाही, आणि परदेशात एका भारतीयाने खेळलेल्या सर्वोत्तम खेळींत तिचं स्थान आहे असं मी मानतो. तरी हेडिंग्लेला गोलंदाजी कोणी केली ते आठवा. लॉर्ड्सला पाच बळी घेणारा चेतन शर्मा जायबंदी होता. लँकेशायरच्या लीगमध्ये खेळत असलेल्या मदनलालला आयत्या वेळी बोलावून घेतलं. त्याने १८ धावांत तीन आणि रॉजर बिन्नीने ४० धावांत पाच बळी घेतले, इंग्लंड १०२. दुसऱ्या डावात मनिंदरसिंगने चार घेतले, इंग्लंड १२८. कपिल देव संघात असताना हा सामना बिन्नी, मदनलाल आणि मनिंदर यांनी जिंकला. कपिलच्या सगळ्या कारकिर्दीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मालिका जिंकली ती ही एकच, आणि ती त्याला असे साथीदार मिळाले त्या वर्षी.

नव्वदच्या दशकाबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. अख्ख्या दशकात भारताने परदेशात एकच कसोटी जिंकली, १९९३मध्ये कोलंबोला. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, अझरुद्दीन असे फलंदाज आणि श्रीनाथ, प्रसाद, कुंबळे असे गोलंदाज. या गोलंदाजांतला एक जरी गळला तरी मागे कोणी नसायचं. १९९७च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात खांद्याच्या दुखापतीमुळे श्रीनाथ नव्हता. बार्बाडोसला १२० धावांचा पाठलाग करताना भारत ८१वर बाद झाला. त्या पराभवाचं खापर फलंदाजांवर फुटलं आणि ते रास्तच होतं.

बदलाची पहिली खूण दिसली ती ॲडलेडला, डिसेंबर २००३मध्ये. द्रविडच्या २३३ आणि नाबाद ७२ सगळ्यांना पाठ आहेत. झहीर खान दुखापतीमुळे बाहेर होता. ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ५५६ केल्या होत्या. दुसऱ्या डावात मुंबईच्या अजित आगरकरने ४१ धावांत सहा बळी घेतले. मधल्या फळीतल्या डेमियन मार्टिन आणि स्टीव्ह वॉ या दोघांना तेंडुलकरने लेगस्पिनवर स्लिपमध्ये द्रविडच्या हाती झेल द्यायला लावले. ऑस्ट्रेलिया १९६. चौथा, पाचवा गोलंदाज कसा सामना फिरवतो याचं याहून चांगलं उदाहरण देता येणार नाही. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात सेहवागच्या ३०९ आणि द्रविडच्या २७० धावांच्या मागे इरफान पठाण आणि बालाजी ही कोवळी जोडी होती. पाकिस्तानातला तो आपला पहिला मालिका-विजय.

२००७ची इंग्लंडमधली मालिका तर माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण सगळे खेळले आणि संपूर्ण मालिकेत भारताचं एकच शतक झालं, तेही अनिल कुंबळेचं. तरी मालिका १-० अशी जिंकली. श्रीरामपूरच्या झहीरने १८ बळी घेतले. ट्रेंट ब्रिजला त्याच्या फलंदाजीच्या वेळी कोणीतरी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या, तो संतापला आणि त्याने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले, हा किस्सा सर्वश्रुत आहे. आर. पी. सिंगचं नाव मात्र त्यात राहून जातं. लॉर्ड्सला दुसऱ्या डावात पाच बळी त्याचे होते. चार वर्षांनी, जुलै २०११मध्ये, झहीर लॉर्ड्सच्या पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू धरून मैदानाबाहेर गेला. मागे कोणी नव्हतं. द्रविडने मालिकेत तीन शतकं केली, भारत ०-४ हरला, आणि त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात पुन्हा ०-४.

इथे चेंडूबद्दल थोडं सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा चेंडू वापरतात. त्याची शिवण साधारण पंचवीस षटकांत दबते आणि दुसरा नवा चेंडू मिळतो ऐंशी षटकांनंतर. म्हणजे मधली पन्नास-पंचावन्न षटकं चेंडू ना हवेत वळतो, ना टप्प्यावरून फारसा हलतो. ही षटकं संघाचे पहिले दोन गोलंदाज टाकू शकत नाहीत, टाकली तर दुसऱ्या नव्या चेंडूसाठी त्यांच्यात जीव उरत नाही. इंग्लंडचा हाताने शिवलेला ड्यूक्स जास्त वेळ साथ देतो, पण तिथेही दुपारी ऊन पडलं की फलंदाजाचं राज्य येतं. त्या वेळी तिसऱ्या, चौथ्या गोलंदाजाने बळी घेतले नाहीत तरी धावा रोखल्या पाहिजेत. यजमान संघाच्या मोठ्या भागीदाऱ्या होतात त्या याच वेळात.

२०१८-१९ला ऑस्ट्रेलियात भारताकडे पहिल्यांदाच असा ताफा होता ज्यात उसंतीची जागाच नव्हती. बुमराह २१ बळी, शमी १६, इशांत ११. मेलबर्नला उपाहाराच्या आधीच्या शेवटच्या चेंडूवर शॉन मार्श खेळत होता. खेळपट्टी संथ होती. मिडऑफवरून रोहित शर्माने बुमराहला सुचवलं, वनडेत टाकतोस तसा हळू चेंडू टाकून बघ. बुमराहने तो यॉर्करच्या टप्प्यावर सोडला. मार्शची बॅट आधीच फिरून गेली, चेंडू मागाहून येऊन पायावर आदळला, पायचीत. त्या डावात बुमराहने ३३ धावांत सहा बळी घेतले. पुजाराने चार सामन्यांत १,२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या. त्याने ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना दमवलं आणि आपल्यांना विश्रांती दिली, ही त्याच्या फलंदाजीची खरी किंमत. पहिल्या दौऱ्यानंतर ७१ वर्षांनी ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा मालिका जिंकली.

दोन वर्षांनी त्याहून अवघड गोष्ट घडली. ॲडलेडला ३६ धावांत सर्वबाद, कोहली मायदेशी, शमीचा हात मोडलेला. मेलबर्नला अजिंक्य रहाणेने ११२ धावा करून संघ उभा केला. डोंबिवलीतून बॅटची बॅग घेऊन लोकलने सरावाला येणारा हा मुलगा त्या मालिकेत देशाचा सर्वांत शांत माणूस ठरला. एकेक गोलंदाज गळत गेला आणि ब्रिस्बेनला जे पाच गोलंदाज उतरले त्यांच्या गाठीला मिळून चार कसोटींचा अनुभव होता. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे तर नेटमध्ये गोलंदाजी करायला म्हणून थांबवलेले. सिराजच्या वडिलांचं निधन दौऱ्याच्या सुरुवातीलाच झालं होतं आणि तो परत गेला नव्हता. त्याने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. पालघरच्या शार्दूल ठाकूरने सामन्यात सात बळी घेतले आणि सुंदरबरोबर सातव्या गड्यासाठी १२३ धावा जोडल्या. १९ जानेवारी २०२१ला गिलच्या ९१, पुजाराच्या अंगावर चेंडू झेलत काढलेल्या ५६ आणि पंतच्या नाबाद ८९ धावांवर ३२८चं लक्ष्य गाठलं. १९८८पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर हरलं नव्हतं.

हे नशिबाने झालं नाही. सिराज, सैनी, सुंदर, गिल, विहारी ही सगळी पोरं आधी भारत 'अ' संघातून परदेशात जाऊन आली होती. राहुल द्रविड त्या संघाचा प्रशिक्षक असताना 'अ' संघाचे दौरे मुख्य दौऱ्यांच्या मागेपुढे लागायचे, आणि तिथे एखाद्याला बाहेर बसवून संघ जिंकवण्यापेक्षा सगळ्यांना खेळवण्याला महत्त्व दिलं जायचं. घरच्या बाजूलाही चित्र बदललं होतं. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारतासाठी तेज गोलंदाजी करतो, विदर्भ लागोपाठ दोनदा रणजी जिंकतं, हे वीस वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं. २०२१ला ओव्हलवर त्याच उमेशने सामन्यात सहा बळी घेतले, आणि शेवटच्या दिवशी जो रूटचा त्रिफळा काढला तो शार्दूलने.

मग आता अडचण कुठे आहे? गेल्या काही वर्षांतले पराभव ओळीने मांडले की ती दिसते. जानेवारी २०२२, जोहान्सबर्ग: सिराज पहिल्याच दिवशी जायबंदी, दक्षिण आफ्रिकेने २४० धावांचा पाठलाग सात गडी राखून केला. त्याच महिन्यात केपटाउन: २१२, पुन्हा सात गडी राखून. जुलै २०२२, एजबॅस्टन: ३७८, पुन्हा सात गडी राखून. जून २०२५, लीड्स: ३७१, पाच गडी राखून, आणि तेही भारताने सामन्यात पाच शतकं केलेली असताना. चारही वेळा शेवटच्या डावात दमलेले पहिले दोघं आणि त्यांना उसंत देऊ न शकणारे मागचे. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तर बुमराहने १३.०६च्या सरासरीने ३२ बळी घेतले, सिराजने २०, आणि तिसरा कोण ते मालिका संपेपर्यंत ठरलं नाही. फलंदाजीही ढासळली हे खरंच. पण सिडनीला दुसऱ्या डावात पाठ धरल्यामुळे बुमराह चेंडू हातात घेऊ शकला नाही, आणि १-३ असा निकाल लागला.

निवडीचा वाद इथूनच सुरू होतो. चौथ्या गोलंदाजाला फलंदाजी यायलाच हवी, असा आग्रह गेली काही वर्षं धरला जातो. इंग्लंडविरुद्धच्या २०२१च्या मालिकेत अश्विन, २०२५च्या मालिकेत कुलदीप यादव एकही कसोटी खेळला नाही. या बाजूने बोलायला जागा आहे. लीड्सला पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत आणि दुसऱ्या डावात सहा गडी ३१ धावांत गेले, तर मँचेस्टरला जडेजा आणि सुंदर यांच्या नाबाद शतकांनी सामना वाचला. तरीही माझं मत उलट्या बाजूला पडतं. सामना वाचवणं आणि मालिका जिंकणं यांत फरक आहे. आठव्या क्रमांकावर वीस धावा जास्त मिळाव्यात म्हणून बळी घेणारा मनगटी फिरकी गोलंदाज पाच सामने बाकावर बसवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट तयारीची. १९३२च्या संघाने इंग्लंडमध्ये २६ प्रथम श्रेणी सामने खेळले. तो काळ परत येणार नाही, येऊही नये. पण २०१८ला दक्षिण आफ्रिकेत ठरलेला दोन दिवसांचा सामनाही रद्द करून नेटवर भागवलं, आणि २०२४ला पर्थच्या कसोटीपूर्वी कसोटी संघाने आपापसातला सरावच केला. बुमराहला हे चालतं. तो दुसऱ्या षटकात टप्पा शोधतो. तिसऱ्या, चौथ्या गोलंदाजाला त्यासाठी सामने लागतात. प्रसिध कृष्णाने लीड्सला पहिल्या डावात २० षटकांत १२८ धावा दिल्या होत्या. मालिका संपताना, ओव्हलवर, त्याच प्रसिधने आठ बळी घेतले. मधल्या सहा आठवड्यांत तो इंग्लंडचा टप्पा शिकला. हे शिक्षण पहिल्या कसोटीआधी काउंटी संघांविरुद्ध झालं असतं तर लीड्स कदाचित वाचलं असतं. आकाशदीपने एजबॅस्टनला १८७ धावांत दहा बळी घेतले, १९८६ला त्याच मैदानावर चेतन शर्माने घेतलेल्या १८८ धावांतल्या दहा बळींपेक्षा एका धावेने सरस. तोही लीड्सला बाहेर होता.

राहिला प्रश्न दक्षिण आफ्रिकेचा. १९९२-९३पासून भारताने तिथे नऊ दौरे केले. २०१८ला भारताने तिन्ही कसोटींत सगळे वीस बळी घेतले आणि फलंदाजांनी मालिका १-२ अशी घालवली, तो एक अपवाद. बाकी बहुतेक वेळा गोष्ट तीच. २०१३ला जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिका ४५८चा पाठलाग करत ७ बाद ४५०पर्यंत पोहोचली, आणि अश्विनला सामन्यात एकही बळी मिळाला नाही. शिवाय पहिल्या दौऱ्यातल्या चार कसोटींनंतर तिथे कधी तीन, कधी दोनच कसोटी ठेवल्या गेल्या. २०२४च्या जानेवारीत केपटाउनची कसोटी ६४२ चेंडूंत जिंकली तेव्हा मालिका संपलेलीच होती, १-१. दोन सामन्यांत तिसरा गोलंदाज रुळायचा कधी?

म्हणून नियामक मंडळाकडे आणि निवड समितीकडे तीन मागण्या आहेत. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडमध्ये किमान तीन कसोटींशिवाय मालिका मान्य करू नये. प्रत्येक मोठ्या दौऱ्याआधी 'अ' संघ त्याच देशात, त्याच चेंडूने, चार दिवसांचे सामने खेळून आलेला असावा आणि त्यातले दोन गोलंदाज मुख्य संघाबरोबर थांबावेत. आणि दौऱ्याचा संघ निवडताना चर्चा तिसऱ्या आणि चौथ्या गोलंदाजापासून सुरू व्हावी, कारण पहिल्या दोघांची नावं सगळ्या देशाला आधीच माहीत असतात.